रुई कोइमतूरला, सरकी कडीला: धरणगावकडच्या एका जिनिंगचा हिशेब

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगाव तालुक्यात एक जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना आहे. हंगाम बरा असला की तिथे लाखभर क्विंटल कापूस येतो आणि साधारण वीस हजार गाठी बांधल्या जातात. मालकांना पंचक्रोशीत सगळे नाना म्हणतात. २०२५ च्या पावसाळ्यात, जिनिंगची यंत्रं दुरुस्तीला उघडलेली असताना, त्यांच्यापुढे एक प्रस्ताव आला. आजूबाजूच्या पाच-सहा जिनिंगवाल्यांनी मिळून सूत कातणाऱ्या २५,२०० चात्यांची सूतगिरणी टाकायची. कापूस आपला, रुई आपली, मग सूतही इथेच निघू द्या. चौदाशे किलोमीटरवर कोइमतूरला गाठी पाठवायच्या कशाला?

नानांचा पुतण्या या प्रस्तावाच्या पूर्ण बाजूने होता. "नाना, गाडी आठून भरी जास, नि पैसा दीड महिनामा येस," असं तो बैठकीत म्हणाला, आणि ते खरंच होतं. जिनिंगवाला शेतकऱ्याला रोख मोजतो. दक्षिणेतली गिरणी मात्र दलालामार्फत, मालाची तपासणी करून, सवडीने पैसे सोडते. मधल्या काळाचं व्याज जिनिंगवाल्याच्या अंगावर पडतं.

मी जळगावात लहान कारखान्यांचे हिशेब पाहतो. प्रस्तावाचे कागद नानांनी माझ्याकडे दिले. या प्रकरणाबद्दल सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की खानदेशात हा विषय दर दोन-चार वर्षांनी निघतो, टाळ्या पडतात, आणि आकडे कोणी नीट मांडत नाही. खाली भाड्याचे आणि विजेचे जे आकडे येतील ते हिशेबापुरते गोल धरलेले आहेत. कुणी आपले धरून पाहावेत, निष्कर्ष फारसा हलणार नाही.

हा प्रस्ताव २०२५ मध्येच का आला, हेही समजून घ्यायला हवं. २०२० ची टाळेबंदी, त्यानंतरचा कंटेनरचा तुटवडा, मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं 'एव्हर गिव्हन' जहाज, यांनी जगभरच्या कारखानदारांना दूरच्या पुरवठ्याची धास्ती बसवली. अमेरिकेने खरेदी शेजारच्या मेक्सिकोकडे वळवली आणि २०२३ मध्ये चीनला मागे टाकून मेक्सिको तिचा सर्वांत मोठा पुरवठादार झाला. आपल्याकडे राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाने राज्यात पिकणाऱ्या कापसावर राज्यातच होणारी प्रक्रिया ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं. अमरावती, नवसारी आणि धार इथे केंद्राची पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानं मंजूर झाली. नकाशा समोर ठेवला तर खानदेश या तिघांच्या बरोबर मधे येतो. नानांसारख्या माणसाला वाटणारच, की आता नाही तर कधी?

वजन कुठे घटतं

शंभर किलो कापूस जिनमध्ये घातला की चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. चौसष्ट किलोच्या आसपास सरकी, बाकी पाला-कचरा आणि घट. म्हणजे दोन तृतीयांश वजन याच टप्प्यावर वेगळं होतं. म्हणून जिनिंग शेताजवळच उभी राहते. गेली दीडशे वर्षं ती धरणगाव, अमळनेर, चोपडा, बोदवड, जामनेर अशा गावांत आहे. दोन तृतीयांश सरकी अंगावर घेऊन कापूस लांब न्यायला परवडत नाही. काही कापूस हद्द ओलांडून गुजरातेत किंवा मध्य प्रदेशातल्या सेंधवा-खेतियाकडे जातो, पण त्यामागे भावातला फरक असतो आणि अंतर फार नसतं.

रुईचं सूत होताना मात्र वजन फारसं घटत नाही. शंभर किलो रुईतून ऐंशी-पंच्याऐंशी किलो सूत मिळतं, आणि उरलेला कचराही विकला जातो. त्यामुळे सूतगिरणी कापसाला चिकटून असायलाच हवी असं तंत्राच्या बाजूने काही नाही. ती जिथे वीज, कामगार, भांडवल आणि सुताचं गिऱ्हाईक मिळेल तिथे जाते. कोइमतूर पट्ट्यात जेवढ्या गिरण्या आहेत तेवढा कापूस तमिळनाडूत पिकतच नाही. तरीही त्या चालतात, कारण तिरुपूरचे होजिअरीवाले शेजारी बसलेले आहेत.

पुतण्याने मांडलेला मुख्य मुद्दा भाड्याचा होता, म्हणून आधी तोच तपासला. अशी गिरणी वर्षाला साधारण पंचवीस हजार गाठी खाते. एक गाठ १७० किलोची, म्हणजे सव्वाचार हजार टन रुई. कोइमतूरपर्यंतचं भाडं किलोला चार रुपये धरलं तर वर्षाचे एक कोटी सत्तर लाख रुपये. आकडा मोठा दिसतो. पण या रुईचं छत्तीसशे टन सूत होईल आणि ते धरणगावात कोणी नेसणार नाही. ते तिरुपूरलाच पाठवायचं ठरलं तर एक कोटी चव्वेचाळीस लाख भाडं पुन्हा लागतं. खरी बचत उरते पंचवीस-सव्वीस लाखांची.

आता वीज. एक किलो मध्यम नंबरचं, म्हणजे मध्यम जाडीचं सूत काढायला साडेतीन-चार युनिट लागतात. छत्तीसशे टनांना सव्वा ते दीड कोटी युनिट. युनिटमागे एक रुपया जास्त पडला की भाड्यातून वाचलेले पैसे गेलेच, वर आणखी कोटभर रुपये गेले. महाराष्ट्रात औद्योगिक वीज शेजारच्या राज्यांपेक्षा महाग पडते, ही तक्रार सूतगिरण्या वर्षानुवर्षं करत आल्या आहेत आणि सरकार त्यांना वीजदरात सवलत देत आलं आहे. ज्या गिरणीचं जगणं सवलतीचा हप्ता वेळेवर येण्यावर टांगलेलं आहे, तिच्यात नानांनी घर गहाण टाकावं असं मला वाटलं नाही, आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. पुतण्याने सौरऊर्जेचा मुद्दा काढला. तो चुकीचा नाही, पण सूतगिरणी तीन पाळ्यांत चालते आणि ऊन एकाच पाळीला मिळतं.

व्याजाचा भार तर भाड्यातल्या बचतीहून कितीतरी जड आहे. कापूस नोव्हेंबर ते मार्च येतो आणि गिरणी बारा महिने चालते. खंडीला (सुमारे ३५६ किलो रुईला) पंचावन्न हजार भाव धरला तर एक गाठ सव्वीस हजारांची. तीन महिन्यांचा साठा करायचा तर सोळा-सतरा कोटी रुपये गाठींमध्ये अडकतात. त्यावर वर्षाचं व्याज पावणेदोन कोटींच्या घरात जातं, म्हणजे कोइमतूरच्या सगळ्या ट्रकच्या भाड्याएवढं.

शेतकऱ्यापर्यंत काय पोचेल, हेही काढलं. एका क्विंटल कापसात चौतीस किलो रुई, चार रुपयांप्रमाणे १३६ रुपये. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. म्हणजे सगळंच्या सगळं भाडं वाचलं आणि सगळंच्या सगळं शेतकऱ्याच्या हातात पडलं, तरी फरक दोन टक्क्यांच्या आतला. हमीभावाची खरेदी ८ टक्के ओलाव्यावर होते आणि १२ टक्क्यांपर्यंत कपात करून माल घेतला जातो. नुसता कापूस नीट वाळवून आणला तर यापेक्षा जास्त फरक पडतो.

माग जवळ आहेत, पण

याच ठिकाणी नानांनी एक गोष्ट काढली, जी प्रस्तावाच्या कागदात नव्हती. "तिरुपूर कशाला? मालेगाव काय लांब आहे?" धुळ्याहून मालेगाव पन्नास किलोमीटर. तिकडे रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर. खानदेशाच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांची गावं आहेत. रुई इथली, सूत इथलं, कापड शेजारी, असं झालं तर सुताचंही भाडं वाचतं, माल चार तासांत पोचतो आणि गिरणीला महिना-महिना साठा करावा लागत नाही. जवळ आणण्याचा खरा फायदा इथे दिसू लागतो.

म्हणून मालेगावला जाऊन आलो. तिथले बहुतेक मागवाले मजुरीवर विणतात. सूत कोणतं घ्यायचं, कुणाकडून घ्यायचं, हे सौदा देणारा व्यापारी ठरवतो. शिवाय मागावरचं बरंचसं सूत आता पॉलिस्टरचं किंवा मिश्र आहे, आणि ते कापसाच्या भावावर हलत नाही. विणलेलं कोरं कापड रंगाई-छपाईसाठी पाली, बालोत्रा, अहमदाबादकडे जातं. रंगाईला पाणी लागतं, सांडपाण्याची शुद्धी लागते. गिरणा आणि पांझरेच्या काठची गावं उन्हाळ्यात टँकरवर असतात. तिथे रंगाईचे कारखाने आणा असं मी तरी म्हणणार नाही. म्हणजे साखळी कितीही जोडा, एका ठिकाणी ती खानदेशाबाहेर जाणारच. प्रश्न एवढाच, की कुठवर आपल्याकडे ठेवणं परवडतं.

शिरपूर, शहादा, धुळ्याजवळचं मोराणे इथे सूतगिरण्या आहेतच. एक नवीन गिरणी म्हणजे त्यांच्याच रुईत आणि त्यांच्याच गिऱ्हाइकांत आणखी एक वाटेकरी. त्यांना चांगली रुई पुरवणारं होण्यात जास्त शहाणपण आहे, असं मला आकड्यांवरून दिसलं.

अमळनेरचं उदाहरण

धरणगावहून अमळनेर जवळ, म्हणून बैठकीत प्रताप मिलचा विषय निघाला नाही तरच नवल. १९०६ साली प्रताप शेठांनी ती गिरणी काढली. त्याआधी १८७० च्या दशकात जळगावात खानदेश मिल उभी राहिली होती. ही सगळी भरभराट सुरू झाली ती दूरच्या एका युद्धामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इंग्रजांची नजर खानदेश-वऱ्हाडाकडे वळली. नव्याने आलेल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने गाठी मुंबईला नेल्या. युद्ध संपलं तसे भाव कोसळले आणि मुंबईत पेढ्या बुडाल्या. मोठ्या जगातल्या उलथापालथीमुळे आपल्या दारात गिऱ्हाईक येतं आणि तसंच निघूनही जातं, हा अनुभव खानदेशाला नवा नाही.

प्रताप मिलचं वेगळेपण मला कापसाच्या जवळिकीपेक्षा नफ्याच्या मुक्कामात दिसतं. गिरणीच्या पैशातून १९१६ साली अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, शाळा चालली, १९४५ ला प्रताप कॉलेज निघालं. तिथल्या शाळेत साने गुरुजी शिकवत होते आणि पुढे गिरणी कामगारांच्या बाजूने तेच उभे राहिले. गावात गिरणी असणं म्हणजे मालक, मजूर आणि मास्तर एकाच गावात असणं. त्यातून भांडणंही झाली, पण ती भांडणं गावाला पुढे नेणारी होती. गिरणी बंद पडली आणि नुसती मजुरी गेली नाही, गावातला हा सगळा व्यवहार गेला. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ ला वनस्पती तुपाची एक कंपनी सुरू झाली, तिचं पुढे विप्रो झालं. तेलबिया जवळ, म्हणून कारखाना जवळ. कंपनीचा कारभार नंतर बंगळूरला गेला, पण सुरुवातीला शेअर घेतलेली अमळनेरची कुटुंबं त्या शेअरवर श्रीमंत झाली. म्हणजे कारखान्याचा व्याप दूर गेला तरी मालकीचा धागा गावात राहिला तर पैसा येत राहतो. उलट कारखाना गावात आणि मालकी दूर, असं असेल तर गावाला पगारापलीकडे फार काही मिळत नाही. नवीन गिरणीच्या प्रस्तावात शेतकऱ्यांचा हिस्सा किती, हा प्रश्न मी विचारला तेव्हा उत्तर आलं नाही.

भाव कुठे ठरतो

आणखी एक गोष्ट बैठकीत कोणाला ऐकायला आवडली नाही. सूतगिरणी दारात आली म्हणून कापसाचा भाव दारात ठरत नाही. मे २०२२ मध्ये रुई खंडीला लाखाच्या वर गेली, कापूस दहा-बारा हजारांनी विकला गेला. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी त्याच आशेने कापूस घरात भरून ठेवला. खोल्या भरल्या, पडव्या भरल्या, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, तरी ठेवला. २०२३ च्या उन्हाळ्यात तो सात हजारांच्या आसपास द्यावा लागला. त्या वेळी शिरपूर-शहाद्याच्या गिरण्या चालूच होत्या. त्या काही जास्त भाव देऊ शकत नव्हत्या, कारण त्यांचं सूतही जगाच्या भावानेच विकलं जातं.

२०२५ मध्ये तर एकाच वर्षात तीन धक्के बसले. एप्रिलमध्ये बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांमधून भारतीय सुताची आयात बंद केली. १९ ऑगस्टपासून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं, म्हणजे ऐन हंगामात परदेशी रुई स्वस्त झाली. २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं आणि तिरुपूरच्या ऑर्डरी अडकल्या. हे सगळं धरणगावच्या जिनिंगच्या फाटकावर आठवडाभरात पोचलं. गिरणी गावात असती तर ते आणखी लवकर पोचलं असतं, कारण मग रुईबरोबर सुताचाही धोका नानांच्याच डोक्यावर असता.

शेजारचा कापूस शेजारीच ठेवायचा प्रयोग राज्याने कायद्याने करून पाहिला होता. १९७२ च्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत कापूस राज्याबाहेर नेणंच गुन्हा होतं. काही वर्षं शेतकऱ्याला आधार मिळाला हे नाकारता येणार नाही. पण बाहेरचा भाव चढला की रात्रीच्या गाड्या सीमेपलीकडे निघायच्या, आणि तोटा सरकारच्या माथी. ज्याला विकायचं आहे त्याला दोन गिऱ्हाइकं मोकळी हवीत. एक जवळचं, एक लांबचं.

नानांनी काय केलं

सूतगिरणीत त्यांनी पैसे घातले नाहीत. त्याऐवजी सरकीकडे पाहिलं, आणि हे त्यांचं त्यांनीच पाहिलं. शंभर किलो सरकीतून दहा-बारा किलो तेल निघतं आणि ऐंशीच्या वर ढेप उरते. खानदेशातली बरीच सरकी गुजरातेतल्या कडी या गावाकडे जाते, कारण तेल गुजराती माणूस खातो. ढेप मात्र इथल्या म्हशी खातात. पारोळा, एरंडोल, चोपडा भागातला दूधवाला जी ढेप घेतो, तिच्यातली बरीचशी तिकडून पुन्हा ट्रकने आलेली असते. सहाशे किलोमीटर जायचं आणि सहाशे किलोमीटर परत यायचं, तेही अशा मालाने, ज्याचं गिऱ्हाईक जिनिंगच्या कुंपणापलीकडच्या गोठ्यात उभं आहे.

भाडं किलोला दोन रुपये धरलं तर नानांच्या ६,४०० टन सरकीचं जाण्याचं भाडं एक कोटी अठ्ठावीस लाख. इथे गाळली तर बाहेर फक्त सातशे टन तेल पाठवावं लागतं, भाडं चौदा लाख. गाळायला लागणारी वीज सुताच्या मानाने फारच थोडी. यंत्रं साधी, दुरुस्ती जळगावात होते. सूतगिरणीतून जी बचत खूप ओढाताण करून निघत होती, ती इथे सरळ समोर पडलेली होती. त्यांनी सुरुवातीला एक तृतीयांश सरकीपुरतेच घाणे बसवले. गावातल्या पंधरा-वीस जणांना हंगामभर काम मिळालं. ढेप रोखीने खपते, त्यामुळे शेतकऱ्याचे पैसे चुकते करायला बँकेच्या कर्जखात्यावर कमी हात घालावा लागला. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत मोठा आर्थिक फरक हाच होता.

दुसरं काम रुईचं. जवळच्या गिरण्यांना पन्नास-पन्नास गाठींचे लहान सौदे, माल पोचल्यावर आठवड्यात पैसे. मोठ्या दूरच्या गिरणीला असा किरकोळ माल नको असतो. पण जवळच्या गिरणीची एक अट होती, आणि ती रास्त होती: रुईत प्लास्टिकचा धागा आणि केस नकोत. सुतात गेलेला एक रंगीत धागा कापड विणून झाल्यावर दिसतो आणि सगळ्या ताग्याचा भाव उतरवतो.

म्हणून नाना चार गावांत जाऊन वेचणीच्या बायकांशी बोलले. खताच्या प्लास्टिक गोणीत कापूस भरायचा नाही, सुती चादरीत बांधायचा. डोक्याला सुती फडकं बांधायचं. कवडी, म्हणजे किडका कापूस, वेगळी ठेवायची. सकाळचं दव वाळल्याशिवाय वेचायचं नाही. पिंप्रीकडच्या एका आक्कांनी तिथेच विचारलं, "दव वाळेपर्यंत आम्ही बसून राहायचं, त्याचं काय?" वेचणी किलोवर असते, दहा रुपयांच्या आसपास. उशिरा सुरुवात केली की दिवसाचा माल कमी भरतो. स्वच्छ कापसाचा जास्त पैसा गिरणीपासून जिनिंगपर्यंत आणि जिनिंगपासून शेतकऱ्यापर्यंत येईल, पण वेचणाऱ्या बाईपर्यंत यावा म्हणून काही ठरवावं लागतं. बोलणी होऊन नानांनी स्वच्छ मालाला क्विंटलमागे वेगळी रक्कम लावली आणि तिचा ठरलेला भाग वेचणीत वाढवायचा, ही अट शेतकऱ्यांना घातली. सगळ्यांनी पाळली नाही. ज्यांनी पाळली त्यांच्याकडे पुढच्या वेचणीला मजूर आधी आले.

केंद्राच्या 'कस्तुरी कॉटन भारत' उपक्रमात गाठ कुठल्या जिनिंगची, हे तिच्यावरच्या क्यूआर कोडवरून कळतं. त्यात नाव नोंदवायचं आहे. ते झालं तर दूरच्या गिरणीलाही धरणगावची गाठ ओळखता येईल आणि तिथेही भाव मागता येईल.

पुतण्याने सूतगिरणीचा कागद फाडलेला नाही, आणि तो फाडू नये असंच मला वाटतं. सव्वा-दीड कोटी युनिटांचा दर पक्का झाला आणि सुताला जवळचं गिऱ्हाईक मिळालं तर हाच कागद वेगळा दिसेल. मालेगावच्या दोन सौदेवाल्यांशी त्याचं बोलणं चालू आहे. त्यांना जाडं सुती सूत हवं आहे, दर जुळतो आहे, पण वर्षभराची मागणी लिहून द्यायला अजून कोणी तयार झालेलं नाही.